आधी उघड, मग सही

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचंही पार्सल येवो, ते उघडण्याचा पहिला मान खताळ गुरुजींचा. हा मान त्यांना कुणी दिलेला नाही. पार्सलवाल्याची गाडी फाटकात थांबली, की तळमजल्यावरचे हे रिटायर्ड मास्तर कात्री घेऊन जिन्यात हजर. "आदी उघड, मग सही!"

हल्ली सही नसते, ओटीपी असतो, हे सांगून तोंड दुखलं. "मग आदी उघड, मग ओटीपी!" बायकोनं नवी पेठेतली दुकानं सोडून हौसेनं ऑनलाइन साडी मागवली, तिची घडी यांनी जिन्यातच मोडली. तिनं दोन दिवस राग माझ्यावर काढला.

पुतण्याच्या लग्नात तर कहर झाला. मी स्टेजवर मिक्सरचा आहेर दिला. मागून आवाज आला, "उघडून बघ की!" गुरुजींनी सनईच्या स्पीकरची पिन काढली आणि तिथं मिक्सर लावला. सनई बंद, मिक्सर सुरू. "चालतंय. काढा आता फोटू." मला तोंड कुठं लपवावं कळेना.

गेल्या महिन्यात लेकीचा लॅपटॉप आला. गुरुजी आलेच. खोकं उघडून झालं. लेक म्हणाली, "गुरुजी, तुम्हीच सुरू करा." तर हे उठून बेसिनपाशी गेले आणि साबणानं हात धुवायला लागले. मी वैतागलो. "आता हे काय नवीन?"

"सांगोल्याकडं शाळेत हुतो, तवा काँप्युटर आलं," नळ चालू ठेवूनच ते म्हणाले. "ठेकेदार म्हणला, सायबांना घाई हाय, सही करा. केली. पोरांना म्हणलं, हात धुऊन या, मगच हात लावायचा. समदी वलं हात घिऊन रांगेत उभी. खोकी उघडली, तर काँप्युटरची नुसती टरफलं. आत कायबी न्हाय. बिल मातुर पुरं निघालं. तक्रार केली, तर बदली माझीच झाली."

त्यांनी नळ बंद केला. "एक पोरगी म्हणली, 'गुरुजी, मग हात कशाला धुतलं?' तिला काय सांगायचं, ते अजून सुचलं न्हाय बघ."

लेकीनं टॉवेल दिला. त्यांनी एकेक बोट पुसलं आणि बटण दाबलं. पडदा उजळला. मग ते अक्षरांवरून नुसतं बोट फिरवत बसले.

दारात पार्सलवाला खोळंबला होता. "सायेब, ओटीपी सांगा की. लई उशीर झाला."

"थांबा जरा," मी म्हणालो. "गुरुजींचं बघून व्हायचंय अजून."