सुभेदारांचं सरकतं दार

सुभेदार लालासाहेबांनी साऱ्या गावाला सांगून टाकलं होतं, की आता आपल्या बैठकीच्या खोलीत चोर तर सोडाच, मुंगीसुद्धा विचारल्याशिवाय शिरणार नाही.

दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांची पलटण जपानात होती. तिथल्या घरांची सरकती दारं त्यांच्या मनात इतकी भरली, की पेन्शनीत निघून औंधजवळच्या आपल्या गावी येताच त्यांनी बैठकीला तसलंच दार करून घेतलं. वर खाच, खाली खाच, मधे सागवानी फळी. बोट लावलं की सर्रकन सरकायची. कौतुक बघायला गाव लोटलं. पण एका दुपारी शेजारच्या कुत्र्यानंही नाकानं दार सरकवलं आणि आत झाकून ठेवलेला खरवस चाटूनपुसून फस्त केला.

"कडी न्हाई, कोयंडा न्हाई. ह्येला काय दार म्हनायचं?" त्यांच्या बायको शालूबाई म्हणाल्या.

सुभेदारांना ते लागलं. त्यांनी आतून भिंतीलगत बाभळीचा जाड दांडा बिजागरीवर उभा बसवला. दार बंद झालं, की दांडा आपोआप खालच्या खाचेत आडवा पडायचा. मग बाहेरून रेडा धडकला तरी दार सरकायचं नाही.

त्याच आठवड्यात सांगलीचे गुळाचे व्यापारी नानासो बायकोला घेऊन आपल्या मुलासाठी बनूला बघायला आले. एकुलत्या एका लेकीला असं घर चालून आलेलं, त्यामुळे सुभेदारांनी पटका नवा बांधला होता. बायका स्वयंपाकघरात बसल्या. नानासोंनी बैठकीत तांब्याभर उसाचा रस घेतला, वर आग्रहाचा आणखी एक घेतला.

"आता आमचा बंदोबस्त बगा," सुभेदार म्हणाले आणि परेडवर सलामी ठोकावी तशा जोरात त्यांनी दार ओढलं.

दांडा धाडकन पडला आणि खाचेत पाचरीसारखा रुतला.

"लय भक्कम," नानासो म्हणाले. "आता उगडा."

सुभेदारांनी दांडा ओढला. मग दोघांनी मिळून ओढला. मग सुभेदारांनी लाथ घातली, तसा तो आणखी खाली गेला. खोलीला दुसरं दार नव्हतं आणि खिडकीला गज होते.

"सुभेदार, जरा घाई करा."

"घाबरू नका. हितं कुनी येऊ शकत न्हाई."

"येऊ दे न्हाईतर जाऊ दे. मला भाईर जायाचं हाय. दोन तांबे रस प्यालोय मी."

सुभेदारांचा चेहरा उतरला. नानासो मांडीवर मांडी टाकून, डोळे मिटून बसले. पाहुण्याची खोलीतच फजिती झाली, तर सोयरीक सांगलीला परत जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"अगं ए," सुभेदारांनी दबक्या आवाजात बायकोला हाक मारली, "दार अडकलंय."

बाहेर बांगड्या वाजल्या. बनूनं हिरव्या लुगड्याचा पदर खोचला, दाराला दोन्ही हात लावले, ते वरच्या खाचेत उचललं, खालून पुढं ओढलं आणि अख्खं दार काढून भिंतीला टेकवून ठेवलं. आतला दांडा होता तिथंच रुतून राहिला.

नानासो तिच्याकडं न बघता परसाकडं धावले. परत आले ते शांत, प्रसन्न चेहऱ्यानं.

"पोरगी पसंत हाय," ते म्हणाले.

"आवं, तुमी तिला बगितली कवा?" त्यांच्या बायकोनं विचारलं.

"आनि काय बगायचं ऱ्हायलंय?"

साखरपुडा ठरवून पाहुणे गेले. सुभेदार मात्र त्या काढलेल्या दारासमोर उभेच होते.

"पोरीला हे कुनी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"शिकवायचं काय त्यात?" शालूबाई म्हणाल्या. "खाचेतला केर काढाय मी रोज तसंच उचलून ठेवते."

"रोज? मग मला का न्हाई सांगितलं?"

"तुमी इतक्या हौसेनं दांडा बसवत हुता," शालूबाई म्हणाल्या. "म्हटलं, कशाला मोडता घालायचा."

सुभेदारांनी पटका काढून खुंटीला अडकवला. मग म्हणाले, "उद्या सुताराला बोलावतो. साधं कडीचं दार करून घेऊ."

"आवं, नको," शालूबाई म्हणाल्या. "हेच ऱ्हाऊ द्या. झाडाय लय सोपं पडतं."