नावड्याची गुपित चौकी

"उशीखाली काय करकरतंय?" नफिसाने विचारलं.

"काही नाही. झोप तू."

"काही नाही ते करकरत नसतं."

झहूरने उशी आणखी दाबून धरली आणि भिंतीकडे तोंड केलं. उशीखाली खाडीपार हौशी मोटार क्लबच्या विभागीय रॅली स्पर्धेचा नकाशा होता. चार फेऱ्यांची स्पर्धा, त्यातल्या तीन पार पडलेल्या, आणि शेवटची येत्या रविवारी. स्पर्धेचा मार्ग आखायचं काम क्लबने झहूरकडे दिलं होतं. वाशीत मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान चालवणाऱ्या या माणसाने स्पर्धेसाठी दुकानाकडे पाठ फिरवली होती, पाहुण्यांकडे पाठ फिरवली होती, आणि आता सख्ख्या बायकोकडेही फिरवली होती.

त्यालाही कारण होतं. रॅली म्हणजे भरधाव गाड्या सोडायच्या आणि पहिला येईल त्याच्या गळ्यात हार घालायचा, असा पुष्कळांचा समज असतो. पण ही रॅली वेळेची होती. ठरवून दिलेल्या वेगाने जायचं आणि वाटेतल्या चौक्यांवर नेमक्या क्षणी पोचायचं. उशिरा आलात तर दंड, लवकर आलात तर दुप्पट दंड. आणि खरी मेख अशी, की चौक्या कुठे आहेत हे स्पर्धकांना ठाऊकच नसतं. त्या गुपित असतात. कुठल्याशा वळणाआड टेबल टाकून दोन माणसं घड्याळ घेऊन बसलेली असतात. चौकीचा पत्ता आधी फुटला तर खेळ संपला, कारण मग कोणीही अलीकडे थांबून वेळ जुळवेल आणि साळसूदपणे पुढे येईल.

आता तीन फेऱ्यांनंतर आघाडीवर कोण होता? तौहीद. म्हणजे झहूरचा मेहुणा, नफिसाचा धाकटा भाऊ. आखातातून परतलेला, काळ्या काचांची एसी गाडी घेऊन आलेला, आणि वर स्पर्धेची ढालही त्यानेच पुरस्कृत केलेली. त्याच्या शेजारी बसून कॅल्क्युलेटरवर वेळेचा हिशेब करणारी कोण? नेरूळच्या शाळेत गणित शिकवणारी नफिसा. तौहीद जिंकला असता तर लोक काय म्हणाले असते हे सांगायला ज्योतिषी नको होता. झहूरने साऱ्या जन्मात एकच गोष्ट कमावली होती, ती म्हणजे 'झहूरभाईच्या दुकानात डुप्लिकेट माल नाही' हे नाव. ते त्याला घालवायचं नव्हतं.

"इतका भरवसा नाय माझ्यावर?" नफिसाने अंधारातच विचारलं.

"भरवशाचा प्रश्न नाही. लोकांचा प्रश्न आहे."

"लोक काय आपल्या उशीखाली बघायला येणारेत?"

झहूर घोरू लागला. खोटं घोरणं तिला ओळखू येत होतं, आणि ते तिला लागलंही.

दुसऱ्या दिवशी झहूर शेवटची चौकी पक्की करायला एकटाच नावडे गावाकडे गेला. गावाबाहेरच्या वळणावर खाडीकाठी उगवतं तसलं भेंडीचं डेरेदार झाड होतं. त्यामागे टेबल अगदी झाकून जाणार होतं. त्याने गाडी दर थोड्या अंतराने थांबवली, मीटर पाहिला, वहीत आकडा टिपला आणि रस्त्याकडेच्या दगडांवर चुन्याने खुणा केल्या. चौथ्या दगडापाशी वाकला असताना पाठीमागून आवाज आला.

"यो रस्ता कनाला मोजतांव?"

झहूरने मान वर केली. समोर कमरेवर हात ठेवून एक दणकट म्हातारा उभा होता. तुळशीराम त्याचं नाव. त्याच्यामागे निम्मं गाव होतं, आणि उरलेलं निम्मं येत होतं.

"सहज," झहूर म्हणाला.

दुसरं काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण हा एक शब्द काढायला नको होता. या मुलखात पंचवीस वर्षांपूर्वी असेच कोणी सहज मोजत आले होते, दगडांवर असाच चुना लावून गेले होते, आणि मागाहून भातशेतीवर नव्या शहराचे सेक्टर उगवले होते. दुधाने तोंड पोळलेली माणसं ताकसुद्धा फुंकून पितात. इथे तर समोर पुन्हा दूधच दिसत होतं.

"सर्वे करतांव ना? आता कंची जमीन रायलीय रं आमची?"

"अहो काका, मी सरकारी माणूस नाही!"

"तेबी असाच बोललेले."

कोणीतरी गाडीची किल्ली काढून घेतली. कोणीतरी बादलीभर पाणी आणून दगडावरचा चुना धुवायला लागलं. झहूरने दुकानाचं कार्ड दाखवलं, तर एकजण म्हणाला, "कार्ड तर सगल्यांकडं असतंय." शेवटी त्याला तुळशीरामच्या ओटीवर बसवण्यात आलं. तुळशीरामच्या बायकोने, कमळीने, त्याच्यापुढे चहा ठेवला. तो गुन्हेगार की पाहुणा याचा निकाल लागला नव्हता, पण चहाला त्याची वाट पाहावी लागत नाही.

झहूरपुढे आता एकच मार्ग होता, तो म्हणजे खरं सांगण्याचा. जो नकाशा बायकोपासून लपवला होता, तो त्याने अख्ख्या गावापुढे ओटीवर पसरला. गाड्या कुठून येणार, चौकी कुठे, घड्याळवाले कुठे बसणार, सगळं सांगितलं.

"थांब, थांब," तुळशीराम म्हणाला. "येलेच्या आदी येल त्याला दंड?"

"दुप्पट."

"आमचे गावान आदी येल त्याला चा भेटतो."

लोक हसले. किल्ली परत आली. जमिनीवर कोणाचा डोळा नाही, नुसता मोटारींचा खेळ आहे, हे कळल्यावर गावाच्या छातीवरचा धोंडाच उतरला. त्या सुटकेच्या भरात नावड्याने ती रॅली दत्तक घेतली.

"फक्त एक करा काका," झहूरने हात जोडले. "ही चौकी गुपित आहे. बाहेर कुणाला कळता कामा नये."

तुळशीरामने छातीवर हात ठेवला. "आमचे गावातून शब्द भायेर जायाचा नाय."

आणि म्हाताऱ्याने शब्द पाळला, अक्षरशः पाळला.

रविवारी नेरूळच्या मैदानावरून अठरा गाड्या एकामागून एक सुटल्या. मुख्य संस्थेकडून वामनराव नावाचे निरीक्षक आले होते. डोक्यावर हॅट, गळ्यात स्टॉपवॉच आणि चेहऱ्यावर सुतक. पुढल्या वर्षी क्लबला स्पर्धा मिळणार की नाही, हे त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. पहिल्या दोन चौक्यांचे निकाल अगदी रीतसर आले. कोणी चार मिनिटं उशिरा, कोणी दोन मिनिटं लवकर, आणि एकजण तर चुकून तुर्भ्याच्या खाणीत गेलेला. झहूर सुखावला. लोक चुकत होते म्हणजे स्पर्धा चांगली चालली होती.

दुपारी नावड्याच्या चौकीचा निकाल आला आणि वामनरावांनी हॅट काढली.

"झहूरभाई, अठरापैकी सतरा गाड्या काट्यावर? सेकंदाचाही फरक नाही? मी आगगाड्यासुद्धा इतक्या वेळेवर बघितल्या नाहीत."

"आणि अठरावी?"

"दोन मिनिटं लवकर. तुमच्या मेहुण्यांची."

तेवढ्यात मैदानाच्या फाटकातून एक टेम्पो आत आला. त्यातून बक्षीस समारंभाला खास बोलावलेला तुळशीराम उतरला. पांढरंशुभ्र धोतर, डोक्यावर टोपी. मागोमाग कमळी उतरली.

"झहूरशेठ!" तो लांबूनच ओरडला. "एक पन गाडी चुकू नाय दिली! मी नाक्यावं हुबा, पोरं पुलावं, कमळी वलनाच्या अलीकडं. येल त्याला थांबवला नि सांगतला, फुडं झाडामागं तुमची चौकी हाय, टायम बघून जा!"

वामनरावांनी खिशातलं नियमांचं पुस्तक चाचपलं.

"काका," झहूर म्हणाला, "तुम्ही शब्द दिला होतात. बाहेर सांगणार नाही म्हणून."

"भायेरच्या कोनाला सांगतलां? जे खेलत व्हते त्यांनाच सांगतलां. आपले गावान आलेला मानूस दंड भरून जाल, तर नाव कोनाचा जाल?"

नावाचीच तर गोष्ट होती. झहूरला आपल्या नावाची पडली होती आणि गावाला गावाच्या.

वामनरावांनी नियमांचं पुस्तक उघडलं. "गुपित फुटलं की चौकी रद्द होते. रद्द करू?"

झहूरने मनातल्या मनात बेरीज केली. नावड्याची चौकी धरली, तर नेरूळचा प्रितम आपल्या जुन्या फियाटसकट पहिला येत होता. ती रद्द झाली, तर तौहीद विजेता. चौकी रद्द करणं न्यायाचं होतं, पण दिसणार होतं पक्षपातासारखं. ती तशीच ठेवली असती तर झहूरभाई धुतल्या तांदळासारखे दिसले असते, आणि मेहुण्यावर ढळढळीत अन्याय झाला असता. सगळ्या जगाला गुपित कळलं होतं, आणि एका त्याच्याच घरच्या गाडीला कळलं नव्हतं! महिनाभर उशीखाली सांभाळलेलं नाव वाचवायला आता फक्त गप्प बसायचं होतं.

त्याने नफिसाकडे पाहिलं. ती गाडीला टेकून कॅल्क्युलेटर पुसत होती. तिने मान वर केली नाही.

"रद्द करा," झहूर म्हणाला.

गर्दीतून कुजबुज उठलीच. "बघा! घरचीच ढाल, घरच्याच घरात." तौहीदच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. झहूरने खाली पाहिलं. आपलं नाव डोळ्यांदेखत जातंय हे त्याला कळत होतं, आणि तरीही मन हलकं झालं होतं. याचंच त्याला नवल वाटलं.

"कनाला रद करतांव?" कमळी पुढे आली. "हे काल्या गाडीला पन सांगतला मी! काच ठोकली, हातावं घड्याल दावला, झाडाकडं बोट केला. ही बाय फुडचे काचंतून नको-नको करीत हात हालवीत गेली!"

सगळ्यांच्या माना नफिसाकडे वळल्या.

"त्यांच्या डोक्यावर पाटी होती," नफिसा म्हणाली. "मला वाटलं, मासळी विकतायत."

"आपा!" तौहीद किंचाळला. "तूच बोललीस ना, मासळीवाली हाय, गाडी थांबवू नको!"

"मग तू काच खाली करायची. बटन तुझ्याकडं पण हाय."

"एसी चालू होता ना!"

मैदान हसून लोटपोट झालं. वामनरावांच्या चेहऱ्यावरचं सुतकही फिटलं. त्यांनी पुस्तक मिटलं. "नियम कशासाठी असतो? एकाला कळावं आणि दुसऱ्याला कळू नये, असं होऊ नये म्हणून. इथे तर अठराच्या अठरांना सांगितलं गेलं. एकाने ऐकलं नाही, तो त्याचा प्रश्न. इतकी निःपक्षपाती चौकी मी पाहिलेली नाही. चौकी कायम!"

तौहीदने पुरस्कृत केलेली ढाल तौहीदच्याच हातून प्रितमला देण्यात आली. फोटो काढताना दोघांपैकी एकच हसत होता. वामनरावांनी अहवालात काय लिहिलं ते पुढे कळलंच. पुढच्या वर्षीची स्पर्धा क्लबलाच मिळाली, आणि नियमावलीत एका नियमाची भर पडली: गावातून जाताना काचा खाली ठेवाव्यात.

संध्याकाळी झहूर आणि नफिसा आपल्या गाडीने घरी निघाले. मागच्या सीटवर केळीच्या पानात गुंडाळलेला जिताडा मासा होता. कमळीने तो निघताना बळेच दिला होता.

"कमाल आहे तुझी," झहूर म्हणाला. "बाई घड्याळ दाखवतेय, झाडाकडे बोट दाखवतेय, आणि तुला वाटलं मासळी विकतेय!"

नफिसा खिडकीतून बाहेर बघत होती.

"पाटी रिकामी होती," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"काच ठोकायला वाकली तेव्हा दिसली. रिकामी पाटी घेऊन मासळी कोण विकतं?"

झहूरने गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. पुढची बेरीज त्याला गणिताच्या बाईंनी शिकवावी लागली नाही. तिला कळलं होतं. पुढे चौकी आहे, आपण दोन मिनिटं लवकर आहोत, आणि भाऊ हरणार आहे, हे सारं तिला त्या एका क्षणात कळलं होतं.

"मग काच का नाही उघडलीस?"

"आम्ही काट्यावर पोचलो असतो, तर लोक म्हणाले असते, नवऱ्याने सांगितलं. त्या बाईचं नाव कोणी घेतलं नसतं. तौहीदला ढाल काय, दुसरी घेता येईल." ती थोडी थांबली. "तुमचं नाव उशीखाली ठेवून भागलं नसतं."

ज्या बाईपासून त्याने महिनाभर कागद लपवला होता, तिनेच त्याचं नाव सांभाळलं होतं, आणि तेही हरून. त्याला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त तिचा अभिमान वाटला. "नफिसा, माझं चुकलं," तो एवढंच म्हणाला. ती म्हणाली, "गाडी चालवा. जिताडा खराब होईल."

वर्ष सरत आलं. पुढच्या स्पर्धेचा नकाशा तयार झाला तेव्हा झहूरने तो उशीखाली नेला नाही. जेवणाच्या टेबलावर, तिच्या चहाच्या कपाशेजारी, गुपित चौक्यांसकट उघडा पसरला आणि कौतुकाच्या अपेक्षेने समोर बसून राहिला.

नफिसाने कप उचलला, नकाशा न बघताच पालथा घातला आणि त्यावर कप ठेवून दिला.

"उशीखाली ठेवा हा," ती म्हणाली. "या वर्षी गाडी मी चालवणार आहे, आणि मला जिंकायचंय."