मास्तरांच्या पोटाचे ठिगळाची मोहीम

धन्यांची आज्ञा झाली की, पोटाचे मोहिमेचा मजकूर खराखुरा लिहावा; म्हणोन दुकानी काजे-बटणे करणारा सेवक सुई ठेवोन लेखणी धरितो.

आमचे धनी राजमान्य राजश्री शिंपीमास्तर यांचे बेंबीपाशी लिंबाएवढा गनीम दोन वर्षे ठाण मांडोन होता. मास्तर ऐसे धूर्त की, गनीम वाढे तसतसा आपला सदरा दोन बोटे सैल शिवीत, आणि कोणास कळो देत नसत, स्वतःसही नाही. मग एके दिवशी लाडक्या नातीस उचलिता गनीम उसळोन आला आणि मास्तर पांढरेफटक पडले. डॉक्टरांनी फर्माविले की, हा हर्निया. ऑपरेशन होईतो नात उचलणे बंद. मास्तर ढसढसा रडले. खोटे कशाला लिहू?

मग दुकानी खलबत बसले. थोरले मेहुणे उघड्या ऑपरेशनाचे वीर. त्यांनी सदरा वर करोन वीतभर व्रण दाखविला. शेजारचे न्हावी दुर्बिणीचे पक्षाचे. त्यांनी तीन भोके दाखविली, आणि आठवड्यात कात्री धरिली ऐसा डौल मिरविला. दोन गिऱ्हाइके होती, तीही पळाली. मास्तरांची मर्जी दुर्बिणीवर बसली, कारण भोके काजाएवढी.

परंतु डॉक्टरांनी छाती तपासोन कळविले की, दुर्बिणीने दुखणे कमी, उठणे लवकर, हे खरे. परंतु तीस पूर्ण भूल लागते, आणि विड्यांनी आपली छाती खिळखिळी, सबब पाठीत सुई देऊन, कंबरेखाली बधिर करोन, उघडेच करू. जाळीचे ठिगळ दोहींकडे बसतेच. मास्तर अडोन बसले. तेव्हा मास्तरांचे कुटुंब, बाईसाहेब, यांचा हुकूम सुटला, "पोर हात वर करून रडतेय, आणि तुम्ही भोकं कसली मोजताय?" मास्तर निमूट उठले.

मोहिमेचे दिवशी मास्तर पडद्याआड जागेच. टाके पडू लागताच आवाज आला, "डॉक्टर, टाका जवळ घ्या, ताण येईल."

"मास्तर, गप पडा, नाहीतर सुई तुमच्याच हातात देतो!"

मास्तर गप पडले. जन्मात प्रथमच, ऐसे बाईसाहेब म्हणतात.

पुढे दीड महिना वजन मना. नात रोज हात वर करी आणि मास्तर तोंड फिरवीत. मग परवाना आला. नातीने आधी पोटाकडे बोट करोन पुसिले, "आजोबा, बाऊ गेला?"

"गेला गं बाई!"

आणि मास्तरांनी तीस कडेवर घेतले. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. सैल सदरे सारे आत घेतले. एक मात्र तैसाच ठेविला, कारण कडेवर बसोन तो तीस मूठभर धरिता येतो.