बसलेली बाहुली

आपल्याकडे आलेला माणूस आधी बसतो, पाणी पितो, मग इकडेतिकडे बघतो. अनंतभाऊ आले की आधी शोकेसकडे जायचे. दोन्ही हात पाठीमागे बांधून, काचेला नाक लावून, आपण दिलेली बाहुली जागेवर आहे का ते बघायचे. असली तर बसायचे. नसली तर आल्या पावली परत, आणि मग पुढे महिनाभर जिन्यात समोर आले तरी ओळख द्यायचे नाहीत.

हे आमचे रोह्यातले समोरच्या दाराचे शेजारी. मूळचे पेणजवळच्या हमरापूरचे, घरचा गणपतीचा कारखाना. लहानपणापासून मूर्तीचे डोळे रंगवायला बसलेले. त्याला त्यांच्याकडे आखणी म्हणतात. पुढे भावांशी फाटलं, रोह्याला कंपनीत लागले, जन्मभर शिफ्ट केल्या. रिटायर झाले आणि मोबाइलवर कुठल्याशा परदेशी बाईला ओव्हनमध्ये भाजायच्या रंगीत मातीची फुलं करताना बघितलं. झालं! कुरिअरवाला त्या मातीची, म्हणजे पॉलिमर क्लेची, पाकिटं आणू लागला आणि आमच्या बिल्डिंगचं स्वास्थ्य संपलं.

फुलं त्यांनी कधी केली नाहीत. माणसं केली, वीतभर उंचीची. लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो, भाऊंचा आहेर एकच, त्या माणसाची बाहुली. तीही "जसा हाय तसा". हे त्यांचं पालुपद. "साच्यातला गनपती गोरागोमटा चालतो. मानूस साच्यातून येत नाय." त्यामुळे तलाठ्याच्या नाकावरची चामखीळ नाकासकट आली. कंपनीतल्या सुपरवायझरला निरोपसमारंभात खुर्चीत झोपलेला सुपरवायझर मिळाला, आणि टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणालाच कळेना. पेणकडच्या गडब गावातल्या एका लग्नात नवरी नवऱ्याहून उंच निघाली, कारण ती होतीच. नवरीची आई मांडवात रडली ती काही पाठवणीसाठी नव्हे. माझी केली ती तोंड उघडं ठेवून.

"भाऊ, तोंड तरी मिटायचंत!"

"मिटल्यावर तुला वळकील कोन, बाय?"

बाहुली द्यायची त्यांची एक रीत होती. घरी यायचे ते बिनडोळ्यांची बाहुली घेऊन. ज्याची त्याच्यासमोर बसून, बारीक ब्रशने डोळे तिथेच आखायचे. तेवढा वेळ घरात कुणी शिंकायचं नाही, मिक्सर लावायचा नाही. डोळे झाले की बाहुली हातात ठेवायचे, "झालं. आता ही तुमची," म्हणायचे आणि चहाही न घेता उठायचे. तिला पुन्हा हात लावायचे नाहीत. पुढे फक्त शोकेसची तपासणी.

स्वतःचा तसला पुतळा दिवाणखान्यात कोण ठेवणार? सगळ्यांनी बिल्डिंगच्या सामाईक माळ्यावर टाकले होते. मग बिल्डिंगमध्ये एक व्यवस्था बसली. भाऊ दिसले की खालच्या मजल्यावरचे कदम मोठ्याने विचारायचे, "काय भाऊ, वरती का?" की वरती धावपळ सुरू. एकदा या गडबडीत वरच्या पाटलांच्या शोकेसमध्ये कदमांची बाहुली लागली. भाऊंनी काचेतून बघितलं आणि म्हणाले, "हा पाटील नाय. पाटलाचा डावा कान मोठा." पाटलांनी आरशात कान बघितला. मोठा होता. तेव्हापासून बिचारे डोक्याला मफलर गुंडाळतात.

आम्ही पोट धरधरून हसायचो. हसायची नाही ती एक सुमनवहिनी, त्यांची बायको.

दोघांना मूलबाळ नाही. वहिनी गडबची, भातशेतीवाल्यांची लेक. तिला एकच हौस होती, नानकटाईची. त्यासाठी हौसेने ओव्हन घेतलेला. मातीचा कारभार सुरू झाल्यावर भाऊंनी तो ताब्यात घेतला. या मातीच्या ओव्हनमध्ये खायचं काही करू नये म्हणतात, त्यामुळे नानकटाई कायमची बंद. पाठोपाठ माती लाटायला लाटणंही गेलं. वहिनी एक दिवस माझ्याकडे आली ती धावत. "गो शालन, ओव्हन उघडला तर आत तलाठ्याचं मुंडकं!"

तेही तिने सोसलं. तिची तक्रार वेगळीच होती.

"साऱ्या रोह्याला बाहुल्या वाटल्या. कुरिअरवाल्याला दिली. माजी कदी?" हे ती त्यांना माझ्यासमोर विचारायची. भाऊ मान खाली घालून माती मळत राहायचे. "व्हईल, व्हईल."

"उभी नका करू हां. जन्मभर उभीच हाय मी. बसलेली करा, पाय वर घेऊन. हातात बशी द्या."

"व्हईल."

वर्षामागून वर्षं गेली. मी चिडून एकदा म्हटलं, वहिनी, नाद सोड. मातीची बाहुली ती, काय एवढं? तर म्हणाली, "बाहुलीचं नाय गो. हा मानूस जगाचा कान बघतो, चामखीळ बघतो. माज्याकडं कदी बघितलंय का, तेवडंच मला कळूंदे."

मग वहिनी आजारी पडली. काविळीचं निमित्त झालं आणि अंथरुणालाच खिळली. भाऊ औषधं द्यायचे, पेज करायचे, पाय चेपायचे. बाहुली सोडून सगळं. शेवटी शेवटी मी उशाशी बसले होते तेव्हा तिने भिंतीकडे तोंड केलं आणि पुटपुटली, "माजं तोंड त्यांच्या ध्यानातच ऱ्हायलं नसंल."

दोन दिवसांनी ती गेली.

दिवसकार्य होईपर्यंत मी तोंड मिटून होते, जे मला जमत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. चौदाव्या दिवशी सकाळी मी समोरच्या दारात उभी राहिले आणि वहिनीने जन्मभर गिळलेलं सगळं त्या माणसाला ऐकवलं. मग ते आत गेले, मातीच्या पाकिटांच्या खोक्यातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणलं आणि माझ्यासमोर सोडलं.

वहिनी होती. बसलेली, पाय वर घेऊन, हिरव्या लुगड्यात. हातात बशी, बशीत चार नानकटाया. कपाळावरची देवीच्या व्रणाची खळीसुद्धा होती. फक्त डोळे नव्हते.

"कधी केलीत?"

"सगल्यांत पयली. हीच पयली केलेली, तिनं मागायच्या आदी."

"मग दिली का नाहीत?"

"आमच्या बापाचा नियम व्हता. आखनी झाली की मूर्ती जाते. आखलेली मूर्ती कारखान्यात ठेवायची नाय." ते फडकं चुरगाळत राहिले. "सगल्यांची आखली, सगले गेले आपापल्या घरी. हिची आखली नाय मी. म्हटलं, ही ऱ्हाईल घरात."

"तिला सांगितलंत हे?"

"असलं सांगायचं कसं, बाय?"

लोकांना वाटेल, मला रडू आलं. नाही आलं. मला संताप आला. कारखान्याचा नियम पाळला आणि एका बाईला आयुष्यभर उपाशी ठेवलं. तसं मी म्हटलंही, आणि दार आपटून घरी आले.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात भाऊ, हातात बाहुली आणि ब्रश. नेहमीच्या रीतीने टेबलाशी बसले. मी मिक्सर बंद केला. सवय, दुसरं काय! ज्या हाताने हजारो गणपती आखले त्याच हाताने त्यांनी वहिनीचे डोळे आखले. मग बाहुली माझ्या हातात ठेवली. "झालं. आता ही तुमची."

आणि उठले मात्र नाहीत.

आता रोज येतात. शोकेस तपासत नाहीत, खुर्ची ओढून बाहुलीसमोर बसतात. मी चहा ठेवते, बोलत मात्र नाही. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

डोळे त्यांनी "जसे हाय तसे" आखलेत. वहिनी बशी धरून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिरकी बघते आहे. माती मळत बसलेल्या नवऱ्याकडे, "माजी कदी?" विचारून झाल्यावर ती अशीच बघत थांबायची. भाऊ तेव्हा मान खाली घालून असायचे. तरीही त्यांना ती नजर दिसली होती, आणि ते "व्हईल" म्हणत राहिले होते.