खैरखेड पंचायत समितीला वैमानिक हवा

खैरखेड पंचायत समितीची इमारत उडायला लागली त्याला अकरा महिने झाले, तेव्हा कुठे वैमानिकाचं पद मंजूर झालं. जाहिरात निघाली आणि अकोल्याच्या निहारिका गावंडेनं त्याच दिवशी अर्ज केला.

निहारिकाकडे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना होता आणि दोनशे तासांचं उड्डाण होतं. परवाना हातात येऊन दीड वर्ष झालं होतं. प्रत्येक कंपनीनं तिला अनुभव घेऊन या असं सांगितलं होतं. अनुभव कुठे मिळेल असं विचारल्यावर नोकरीत मिळेल, असं सांगितलं होतं. सध्या ती दहावीच्या मुलांना भूमिती शिकवत होती. तिचे बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. विमानाचा आवाज आला की हल्ली ते मान वर करायचे नाहीत, पोरीला वाईट वाटू नये म्हणून.

मंगळवारी साडेदहाला ती मुलाखतीला पोचली. इमारत शाळेच्या मैदानात उतरलेली होती. आत टेबलामागे गटविकास अधिकारी मेश्राम साहेब आणि कार्यालय अधीक्षक तायडे मॅडम बसले होते.

"त्याचं असं आहे," मेश्राम म्हणाले, "सगळे कर्मचारी एकाच वेळी आपापल्या जागेवर बसले की इमारत उडते. इतकी वर्षं तसा प्रसंगच आला नव्हता. गेल्या साली वरून तपासणी आली, तेव्हा पहिल्यांदा उडाली."

"आणि कोणी रजेवर असेल तर?"

"रजा मंजूर असली की चालतं."

"उतरते कशी?"

"लोक जागेवरून उठले की. एकदम उठले तर एकदम उतरते." तायडे मॅडमनी कमरेला हात लावला.

वळायचं असेल तर त्या बाजूची खिडकी उघडायची. दूरच्या वाड्यांवरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना दाखल्यासाठी तालुक्याला यावं लागू नये, म्हणून दर मंगळवारी कार्यालयच तिकडे जात असे. एवढं सांगून झाल्यावर मेश्रामांनी तिचा अर्ज उघडला.

"इमारत उडवण्याचा पाचशे तासांचा अनुभव हवा. तुमचा किती?"

"असा अनुभव कोणाला असेल, सर?"

तायडे मॅडमनी पेनानं दाराजवळचं बाकडं दाखवलं. तिथे इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. "त्र्यंबक कडू. आमचे शिपाई आणि दुसरे उमेदवार. शिपायाला खुर्ची नाही, म्हणून खिडक्या तेच उघडतात. पाचशे बारा तास झालेत. पण परवाना नाही, आणि दहावी नापास."

कडूंनी निहारिकाला नमस्कार केला. "मॅडम, तुमच्या इमानात बसल्यावर कानात वारा भरते का हो? म्या कधी इमान पाहिलं नाही जवळून."

ती उत्तर देणार, तेवढ्यात बांधकाम शाखेचे हातेकर आत आले. ते एरवी दुपारशिवाय यायचे नाहीत. आज वैमानिक पोरगी पाहायला लवकर आले होते. ते खुर्चीत बसले आणि जमीन खाली गेली.

"कडू!" मेश्राम ओरडले.

कडू उभे राहिले, हात मागे बांधून. "साहेब, मी आज किरकोळ रजेवर आहो."

"रजेवरच्या माणसाला काम सांगता येत नाही," तायडे मॅडम म्हणाल्या. "उमेदवाराचं प्रात्यक्षिक मात्र घेता येतं."

सगळ्यांनी निहारिकाकडे पाहिलं. ती खिडकीशी गेली. खाली आठवडी बाजार भरला होता, कांद्याचे ढीग, भांड्यांची दुकानं, माणसंच माणसं. समोर गावची पाण्याची टाकी जवळ येत होती. शिकताना तिच्याकडे दोन सीटचं विमान होतं. या विमानाला तीन खोल्या आणि संडास होता.

हातेकर घाबरून अर्धवट उठले. इमारत हातभर खचली.

"बसा!" ती इतक्या जोरात ओरडली की मेश्रामसुद्धा आणखी घट्ट बसले.

"मॅडम," कडू मागून हळूच म्हणाले, "मले काम सांगता येत नाही, पन बोलता येते. ती उगवतीकडची खिडकी लय चांगली आहे."

तिनं पूर्वेची खिडकी उघडायला लावली, मग दुसरी. टाकी व्हरांड्याला घासून जाईल इतक्या जवळून मागे गेली. टाकीवर चढलेला वायरमन मेश्रामांना रामराम घालून गेला. बाजार संपला आणि मोकळं गायरान दिसलं.

"आवक-जावक, उठा. सावकाश. आस्थापना, उठा. लेखा शाखा, अर्धे उठा आणि तसेच थांबा."

लेखापाल चार मिनिटं गुडघे वाकवून थांबले. शेवटी तिनं हातेकरांना उठवलं आणि इमारत गवतात टेकली. कपातला चहा बशीत सांडला नाही.

"माह्या पहिल्या टायमाले छपराचे चाळीस कवेलू फुटले होते," कडू म्हणाले.

मेश्रामांनी चष्मा पुसला. "उत्तम. तुमचा अनुभव आता पन्नास मिनिटं झाला. चारशे नव्याण्णव तास दहा मिनिटं कमी पडतात."

निहारिकानं फाइल उचलली. हे वाक्य तिनं दीड वर्ष ऐकलं होतं. आज मात्र डोळ्यांत पाणी आलं. कडू तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी तायडे मॅडमकडे कोरा कागद मागितला.

"माही तीनशे दिवसांची अर्जित रजा शिल्लक आहे. ती टाकतो. बदली शिपाई लागनच ना? तास तिच्याच नावावर पडतीन."

"पण तुमचे तास?" निहारिका म्हणाली.

"माहे पुरे झाले, बाई. दहावी काई होत नाही आता."

तायडे मॅडमनी नियम पाहिले. बदली शिपायाच्या शिक्षणाला वरची मर्यादा नव्हती.

पुढच्या सोमवारी निहारिका बदली शिपाई म्हणून रुजू झाली. बाबा सोडायला आले होते. सगळे जागेवर बसले, तेव्हा ते मैदानात मान वर करून उभे राहिले. तिनं आधी टेबलांवर पाणी ठेवलं आणि मग पश्चिमेची खिडकी उघडली. बाकड्यावर कडू बसले होते. रजेवरच्या माणसाला कार्यालयात कामाशिवाय बसता येत नसल्यानं त्यांनी अभ्यागत नोंदवहीत नाव लिहिलं होतं, आणि भेटीच्या कारणाच्या रकान्यात 'वारा' असं लिहून सही केली होती. तायडे मॅडमनी त्यावर शिक्का मारला.