सुलतानसाठी मीठ

मिठातलं मला जेवढं कळतं तेवढं आख्ख्या शिरूर तालुक्यात कुणाला कळत नसेल. फुशारकी न्हाई, नोकरीच तशी हाय. कारेगावाजवळच्या एका कंपनीत मी सॉफ्टनर प्लँटवर ऑपरेटर. बोअरचं क्षाराचं पाणी मऊ करायचं, त्यासाठी रोज मिठाचं पोतं ब्राईन टँकमध्ये, म्हंजी खाऱ्या पाण्याच्या टाकीत, रिकामं करायचं, आन् मग गोड्या पाण्यानं सगळं धुऊन काढायचं. अकरा वर्षं हेच करतोय.

त्यामुळं दोन हजार एक साली माझे सासरे, यवतचे मीरासाहेबमामू, हजला निघाले आन् आपला मासा माझ्या हवाली करायचं ठरवलं, तवा मला त्यात काही अवघड वाटलं न्हाई. मासा म्हंजी सुलतान. वीतभर गोल्डफिश, वय वर्षं आठ. सासूबाई गेल्यापासून मामू संध्याकाळी काचेपुढं खुर्ची टाकून त्याच्याशीच बोलत बसायचे. माणसांत त्यांना एवढं बोलताना मी कधी पाह्यलं न्हाई.

आता, हजला जाणारा माणूस निघण्याआधी सगळ्यांची माफी मागतो. मामू सगळं यवत फिरले आन् शेवटी काचेची टाकी घेऊन माझ्याकडं आले. लग्नापासून मला अर्धवट म्हणणारा माणूस माझा हात धरून म्हणाला, "शाकीरमियाँ, कवा टाकून बोललो असेल तर माफ करा."

अशा वेळी लगेच मिठी मारायची असते. मी खुर्चीत मागं रेललो.

"चहा घ्या मामू," म्हणालो. "विचार करून सांगतो."

दोन कप चहा होईस्तोवर त्यांना ताटकळत ठेवलं, मग केलं माफ. माझी बायको तहमीना आतल्या दारातून बघत होती. तिचा चेहरा मी मुद्दाम बघितला न्हाई.

जाताना मामूंनी सांगितलं, आठवड्याला अर्धं पाणी बदला आन् चमचाभर मीठ टाका, बिगर आयोडीनचं. मी हसलो. मिठाचं मला सांगताय व्हय?

पहिल्या आठवड्यात सोपानरावांच्या दुकानातनं खडे मीठ आणलं. सोपानरावांनी विचारलं, कशाला? म्हटलं, माशाला. तर त्यांनी हळदीची पुडी पण बांधून दिली, तळताना लागते म्हणून.

खडे मीठ टाकल्यावर सुलतान मंदावला. मी म्हटलं, मीठ अशुद्ध असणार. शिरूरला जाऊन काष्ठौषधीच्या दुकानातनं सैंधव आणलं, खलबत्त्यात कुटलं, टाकलं. सुलतान तळाला जाऊन बसला. म्हंजी सैंधवही मानवलं न्हाई. मग स्टोअरवाल्याच्या हातापाया पडून कंपनीचं मीठ डब्यातनं आणलं. इतकी वर्षं ज्यानं आमची मशीन खूश ठेवली, त्यानं मासा खूश होणार न्हाई का? मापाला चमचा लहान वाटला म्हणून वाटी घेतली.

तहमीना म्हणाली, "नवीन टाकताय ते दिसतंय. आधीचं काढताय कुठं?"

"तुला केमिस्ट्रीतलं काय कळतंय?" मी म्हटलं. मला स्वतःला बारावीला केमिस्ट्रीत पस्तीस होते. पाणी बदलायचं तर मी विसरलोच होतो. आटलं की वरनं बोअरचं ओतत होतो.

मामू परत यायला आठवडा राह्यला, आन् सुलतान एका कुशीवर तरंगायला लागला. हा मासा गेला तर मामू संध्याकाळी कुणाशी बोलणार, हे तवा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं. टाकीतलं पाणी बाटलीत भरून मी कंपनीच्या लॅबमधल्या जॉयकडं पळालो.

जॉयनं ते मशीनला लावलं आन् म्हणाला, "शाकीरभाई, ब्राईन टँकचं सँपल दुपारी द्यायचं असतं."

"हे घरचं हाय."

"घरी सॉफ्टनर बसवलाय?"

"न्हाई. मासा हाय."

जॉयनं चष्मा काढला. "होता म्हणा," म्हणाला.

मग त्यानं मला बसवून समजावलं. यवतला मामूंच्या नळाला गोडं पाणी, तिथं चमचाभर मीठ चालतं. कारेगावच्या बोअरचं पाणी मुळातच खारं. त्याची तपासणी रोज सकाळी कंपनीत कोण करतं? मी. मीठ टाकल्यावर गोड्या पाण्यानं धुवायचं असतं हे नव्या पोरांना कोण शिकवतं? मीच. घरी आल्यावर हे ज्ञान मी चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवत होतो!

पाच दिवस रजा टाकली. टँकरचं गोडं पाणी आणून तांब्या-तांब्यानं बदललं, कारण एकदम बदललं तर झटका बसेल असं जॉय म्हणाला होता. तहमीना तांब्या भरून देत राह्यली. सुलतान वाचला. फक्त तेव्हापासून तो थोडा तिरका पोहतो.

रविवारी मांडीवर बादली घेऊन जीपनं यवतला गेलो. मामूंच्या दारात ही गर्दी, हार घालणारे, दुआ मागणारे. मी शेवटी उभा राह्यलो. मामूंनी बादलीत वाकून बघितलं. सुलतान तिरका-तिरका त्यांच्याकडं आला. मामूंचे डोळे भरले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, आन् मी पहिल्या वाटीपासून शेवटच्या तांब्यापर्यंत सगळं कबूल केलं.

"मामू, चुकलो. माफ करा."

हाजीसाहेब खुर्चीत हळूच मागं रेलले.

"चहा घ्या शाकीरमियाँ," म्हणाले. "विचार करून सांगतो."

या गोष्टीला चार वर्षं झाली. मामूंचा विचार अजून चालू हाय. यवतला जेवायला बसलो आन् जरा मीठ वाढा म्हटलं, की सगळं घर एका सुरात विचारतं, "कोणतं?"