लसणीच्या फोडणीवर इब्तिहालबाईंची स्वारी

पोटातल्या जिवासही वेळच्या वेळी रसद पोचविणारा जो परवरदिगार, त्यासी प्रथम सलाम. मग वाचणारांसी विनंती ऐसी की, दुम्यात शहरी, नील नदी समुद्रास मिळते त्या सुमारास, सुतारांच्या पेठेतील एका तीन मजली घरात, उन्हाळ्याच्या तोंडी जी लसणीची लढाई जाहली, तिच्या खबरा जिन्याने उतरता उतरता फुगत गेल्या. कोणी म्हणे सून रुसली, कोणी म्हणे सुनेने चूल वेगळी मागितली, कोणी म्हणे सासूने झारा उगारला. ऐसे काही जाहले नाही. जे जाहले ते अव्वल अखेर लिहिले आहे.

त्या घरी अंमल हज्जा तफीदा यांचा. सप्तडेगमंडित, अखंडचूलप्रज्वलित, मक्केची यात्रा करून आलेल्या, ऐशी त्यांची थोरवी. तळमजल्यास खुर्च्या-पलंगांचा कारखाना, त्यावर पहिल्या मजल्यास खासा हज्जांचे ठाणे, दुसऱ्यावर वडील पुत्र फिकरी व त्यांची बायको निअमत, आणि तिसऱ्यावर धाकटे पुत्र वगदी व त्यांचे कुटुंब इब्तिहाल. राज्याचा मुख्य कायदा एकच, की जुम्म्याच्या दुपारी सर्वांनी पहिल्या मजल्यावर हजर व्हावे आणि बदक व मुलुखिया खावी. मुलुखिया म्हणजे एक हिरवा पाला. तो बारीक चिरून बदकाच्या रश्शात शिजवितात, आणि शेवटी तुपात लसूण व धने लाल करून त्याची फोडणी वर ओततात, आणि ओततेसमयी करणारीने मोठ्याने श्वास आत ओढून हबकल्यासारखे करावे, न केल्यास पाला तळी बसतो, ऐसा तेथील बायकांचा सिद्धांत. हज्जांचा तो हबका कारखान्यातील रंधेवाल्यांसही ऐकू जाई, आणि ते हत्यारे ठेवून हात धूत.

इब्तिहालबाईंस लग्नाउपर चौथे वर्ष चालू होते आणि दिवस राहून तिसरा महिना सरत आला होता. ही गोष्ट त्यांस व वगदी यांस मात्र ठाऊक. आदल्या हिवाळ्यात एक पोटचे गेले, तेव्हा दोघे रास-अल-बर येथे बाईंच्या माहेरी होती. तेथेच निपटले, आणि परत आल्यावर, समुद्राचे मासे बाधले, ऐसे सांगून प्रकरण दाबले होते. तेव्हापासून वगदींनी शपथ घेतली होती की, या खेपेस पोट दिसू लागेपर्यंत भिंतीलाही कळू द्यायचे नाही.

परंतु गनीम घरातच होता. एके जुम्म्यास सर्व मंडळी पंगतीस बसली, आणि आत फोडणी कडाडली, आणि हज्जांचा हबका जाहला, आणि लसणीचा लोट दरवाजातून आला, तो इब्तिहालबाईंच्या नाकी भिडताच त्या तोंडास पदर लावून न्हाणीकडे ऐशा धावल्या की वाटेतले स्टूल उलथले. मग न्हाणीतून जो आवाज आला तो ऐकून निअमतने फिकरींकडे पाहिले, फिकरींनी ताटाकडे पाहिले, आणि हज्जांनी झारा खाली ठेवून वगदींस पुसिले,

"कितवा?"

"मासे बाधले असतील," वगदी बोलिले.

"आज बदक आहे," हज्जा बोलिल्या.

येणेप्रमाणे गुपित फुटले, आणि त्याच संध्याकाळपासून सल्ल्यांच्या फौजा तिसऱ्या मजल्यावर चालून आल्या. बिनीवर निअमत, तीन लेकरांची आई, म्हणून तिचा शब्द वजनाचा. तिने येऊन पलंगावर ठाण मांडिले.

"लिंबू चघळत राहा. आणि दोरीवर कपडे घालू नकोस. हात वर केले की नाळ गुंडाळते म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

"तू तर तिन्ही वेळा गच्चीवर कपडे वाळत घालायचीस, वहिनी."

"मला कुणी सांगायला नव्हतं गं," निअमत म्हणाली, आणि दाराआड वाळत असलेले इब्तिहालबाईंचे धुणे आपणच उचलून गच्चीवर घेऊन गेली.

पाठोपाठ खासा हज्जांची स्वारी धूपदाणी घेऊन दाखल जाहली. नजर उतरविण्यासाठी चारी खोल्यांत लोबानाचा धूर केला, त्या धुराने बाई पुन्हा न्हाणीत. बाहेर आल्यावर हज्जांनी डोहाळ्यांची चौकशी आरंभिली.

"काय खावंसं वाटतं ते सांग पोरी. मनातलं मनात ठेवलंस तर लेकराच्या अंगावर डाग उठेल."

"काहीच खावंसं वाटत नाही हो."

"असं चालत नाही. काहीतरी मागावं लागतं."

"आणि खरंच काही नको असेल तर?"

"मग डाग कशाचा उठलाय तेही कळायचं नाही," हज्जा बोलिल्या, आणि वगदींस पेरू, लोणच्याचे सलगम व जाळीदार जिलबी आणण्यास बाजारी रवाना केले. ते तिन्ही पदार्थ बाईंस सोसले नाहीत. वगदींस सोसले.

इब्तिहालबाईंनी दुसरी एक मसलत परभारे चालविली होती. त्यांच्या फोनात 'ऑक्टोबरच्या आया' नामे बायकांचा एक जमाव होता, सर्वांचे दिवस एकाच महिन्यात भरणार ऐशा. बाईंनी तेथे लिहिले की, लसणीच्या वासाने जीव जातो, उपाय सांगा. तान्ता शहराच्या एका बाईने आले घ्या म्हणून लिहिले, आणि सुएझच्या बाईने आले घेतल्यास पोट पडते ऐसे लिहिले, मग तान्ता व सुएझ यांचे जुंपले, आणि दोन्ही पक्षांस कुमक आली, आणि आल्यावरून दालचिनी, दालचिनीवरून एकमेकींच्या सासवा ऐसा रणसंग्राम माजून मूळ प्रश्न कोठच्या कोठे वाहून गेला. मध्येच एकीने, आपले बाळ आता लिंबाएवढे जाहले, ऐसे चित्र पाठविले. मात्र सर्वांच्या शेवटी मिन्या शहराकडच्या कोणी एकीने इतकेच लिहिले होते, 'मलाही भीती वाटते. माझंही मागचं गेलं.' तेवढे बाईंनी पुनःपुन्हा वाचिले. त्या रात्री त्यांस बरी झोप लागली.

आता शत्रूची चाल कैसी, तेही सांगितले पाहिजे. त्या घराच्या पोटात एक उभा चौक होता, वरून उघडा, आणि तिन्ही मजल्यांच्या स्वयंपाकघरांच्या व न्हाण्यांच्या खिडक्या त्यात उघडत. हज्जांच्या चुलीवर जे शिजे ते या मार्गे थेट तिसऱ्या मजल्यावर पोचे. जुम्मा तर जुम्मा, आता सून अशक्त जाहली म्हणून हज्जांनी आडवारीही मुलुखिया सुरू केली, की पाल्याने रक्त वाढते. वगदींनी स्वयंपाकघराच्या खिडकीस पंचे कोंबिले, तो वास न्हाणीतून आला. न्हाणीची खिडकी चिकटपट्टीने बुजविली, तो जिन्याने आला. दाराच्या फटीस गालिचा लाविला, आणि पंखा उलटा फिरवून ठेविला, त्या पंख्याने बाहेरचा होता नव्हता तो वास आत ओढिला.

बाईंस अन्न ठरेना. गाल बसले, अंगठी बोटातून निघू लागली. दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंनी तपासून फर्माविले की, बाळ ठीक आहे, परंतु आईच्या पोटात काही राहिले पाहिजे, नाहीतर सलाईनसाठी दाखल करून घ्यावे लागेल. हे ऐकून वगदींनी कंबर बांधिली, आणि जुम्म्याच्या सकाळी वकिलात घेऊन मातोश्रींकडे खाली गेले. अर्ज गुदरला की, आज फोडणी न घातल्यास कैसे.

"मग काय गवत खाणार?" हज्जा बोलिल्या. "याच ओट्यापाशी मी पोटुशी असताना हीच लसूण उखळात कुटली. आजवर लसणीनं कुणी मेलं नाही. तिला खाली यायचंच नसेल तर तसं सांग, ताट वर पाठवते."

ताट वर पाठवणे म्हणजे पंगतीतून वेगळे काढणे, हे त्या घरी सर्वांस ठाऊक होते. वगदींचे तोंड उतरले. मग मातोश्रींनी, बस, दमलास, म्हणून समोर कालच्या मुलुखियेची वाटी ठेविली. वकील वर परतले तेव्हा मिशीस लसूण लागली होती.

"काय म्हणाल्या?" इब्तिहालबाईंनी पुसिले.

"विचार करते म्हणाली."

"तू जेवलास."

"थोडंसं," वगदी म्हणाले. "नाही म्हटलं असतं तर आणखी चिडली असती."

त्या क्षणी बाईंचा वकिलांवरील भरवसा उडाला, आणि खासा आपण चालून जावे ऐसा निश्चय जाहला. वगदी आडवे आले. "आई बोलेल. तू रडशील. मग मी काय करू?" बाई म्हणाल्या, "तू इथं बस आणि खिडक्या उघड." इतके बोलून, पाव लिंबू मुठीत धरून, कठड्यास हात लावीत, दोन मजले उतरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यास उभ्या राहिल्या.

हज्जा लसूण सोलीत होत्या. वर न पाहता बोलिल्या, "आलीस? बस. निअमत गेलीय भाकरी आणायला."

बाई बसल्या नाहीत. पाठ केलेले सर्व विसरल्या. म्हणाल्या, "मला वासाचं काही नाही. ओकारी आली तर येऊ दे. पण ओकताना इथं खाली कळ येते, आणि मी न्हाणीत बसून बघत राहते, रक्त आलंय का." मग थांबून म्हणाल्या, "मागच्या वेळी अशीच आली होती. मासे नव्हते ते."

हज्जांच्या हातातील सुरी थांबली. चुलीवर रस्सा उकळत होता, तो उतू जाऊ लागला तेव्हा त्यांनी गॅस बारीक केला. रागावल्या की काय, ते बाईंस कळेना. मग हज्जांनी सोललेली लसूण, धने, उखळ, तूप ऐसा सरंजाम एका परातीत भरिला आणि फिकरींस हाक मारून हुकूम केला की, लहान शेगडी व सिलिंडर गच्चीवर न्यावा, फोडणी आज तेथे होईल, आणि पाल्याचे पातेलेही वर यावे. बाईंस आपल्या मजल्यावर जाऊन पडण्यास सांगितले.

मग काय विचारता. फिकरींनी सिलिंडर खांद्यावर घेतला, वगदींनी पातेले धरिले, निअमतने भाकऱ्या टाकून शेगडी उचलिली, आणि ऐसी ती फौज वाटेत तीनदा दम खात गच्चीवर पोचली. तेथे बदकांचा खुराडा. सिलिंडर आदळताच बदकांनी बंड केले व दोन बदके पातेल्याशी येऊन झटू लागली, त्यांस फिकरींनी चपलेने हाकलिले. हज्जांनी शेगडी पेटविली, तुपात लसूण टाकिली, आणि लसूण तांबूस होते न होते तोच खमासीनचा तापलेला वारा दक्षिणेकडून उठला, आणि धुळीसकट सारा वास उचलून, नेमका त्या उघड्या चौकात लोटून, सरळ खाली तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेला, जेथे वगदींनी आज्ञेप्रमाणे सर्व खिडक्या सताड उघडून ठेविल्या होत्या.

खालून न्हाणीचे दार आपटल्याचा आवाज आला.

हज्जांनी कढई हातात घेतली. मंडळीस वाटले आता पातेल्यात ओततील. त्यांनी ती कोपऱ्यातील कुंडीतल्या मातीत उपडी केली, शेगडी विझविली, आणि पोरांस, पातेले खाली न्या, मी येते, ऐसे फर्मावून एकट्याच तिसऱ्या मजल्यावर उतरल्या.

इब्तिहालबाई न्हाणीच्या फरशीवर भिंतीस टेकून बसल्या होत्या. हज्जांनी दार न ठोठावता आत येऊन, गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत कण्हत शेजारी बैठक मारिली.

"आलंय?"

"नाही."

"बघितलंस नीट?"

"बघितलं."

"फिकरी आणि वगदीच्या मध्ये एक होतं माझं," हज्जा म्हणाल्या. "पाचव्या महिन्यात गेलं. बुधवारी. जुम्म्याला मी मुलुखिया केली. सासूनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पंगतीत सगळ्यांनी छान झालीय म्हटलं." नळ ठिबकत होता, तो त्यांनी हात लांब करून पिळून बंद केला. "वगदीला माहीत नाही. सांगू नकोस. त्याच्या पोटात काही राहत नाही, अन्न सोडून."

बाईंस हसू आले, आणि त्यातच रडूही. हज्जांनी त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारिले आणि म्हणाल्या, "ऊठ. मला धरून ऊठ, म्हणजे मलाही उठता येईल."

ऐशा दोघी एकमेकींच्या आधाराने पहिल्या मजल्यावर दाखल जाहल्या. पंगत बसली. हज्जांनी बिनलसणीची मुलुखिया वाढली. फिकरींनी एक घास घेऊन चमचा ठेविला.

"आई, हे नुसतं—"

"खा," हज्जा बोलिल्या.

फिकरींनी खाल्ले. वगदींनी खाल्ले आणि छान झालीय म्हटले, त्यावर सासू-सुनेची नजरानजर जाहली, ती का, हे त्यांस समजले नाही.

सबब तह ठरला तो ऐसा. ऑक्टोबरात बाळ-बाळंतीण सुखरूप होईतोवर लसणीस घराच्या हद्दीत मनाई. फिकरींस अगदीच राहवले नाही तर त्यांनी कारखान्यापलीकडे मित्राच्या घरी जाऊन खावी, आणि तोंड धुतल्याविना जिना चढू नये. सल्ले देणारांनी दिवसास एक याप्रमाणे द्यावे. निअमतने हे कलम त्याच संध्याकाळी दोनदा मोडिले, त्याची तूर्त माफी. 'ऑक्टोबरच्या आया' यांसी फत्तेचे वर्तमान कळविण्यात आले, तेव्हा मिन्याकडच्या बाईने, तुझ्या सासूला माझाही सलाम सांग, ऐसे लिहिले. लढाईत उभय पक्षी कोणी पडले नाही. एक कढई करपली, एक बदक लंगडते.

आणि त्या जुम्म्याच्या दुपारी, पहिल्या मजल्याच्या ठाण्यावर, सर्वांसमक्ष, इब्तिहालबाईंनी एक वाटी भात व त्यावर दोन पळ्या मुलुखिया, हज्जांच्या हातची, खाल्ली. सर्वजण घास थांबवून वाट पाहत राहिले. चहा जाहला. तिसऱ्या प्रहरची, असरची, अजान जाहली. न्हाणीकडे कोणी धावले नाही.

पोटात राहिले. ही नोंद खरी.